क्रिपस्क्युलर : संधिप्रकाशाचे विशेषण

वाशी-खारघरच्या खाडीकाठी दिवस मावळता मावळता खारफुटीतून बाहेर पडणाऱ्या सोनेरी कोल्ह्याला आपण सहज ‘निशाचर’ म्हणतो. प्राणिशास्त्रात पहाटेच्या आणि सायंकाळच्या संधिप्रकाशात सर्वाधिक वावरणाऱ्या प्राण्यांसाठी ‘क्रिपस्क्युलर’ हे अधिक नेमके विशेषण आहे, आणि येऊरच्या जंगलातल्या सशालाही तेच लागू पडते. माणसांच्या वर्दळीजवळ राहणारा कोल्हा हळूहळू रात्रीकडे सरकतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

लॅटिनमधील ‘क्रेपुस्कुलुम’, म्हणजे संधिप्रकाश, या नामापासून बनलेले हे विशेषण सतराव्या शतकात इंग्रजीत आले. त्या नामाशी नाते असलेला ‘क्रेपेर’ हा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ‘धूसर’ याबरोबरच ‘संदिग्ध, अनिश्चित’ असाही त्याचा अर्थ आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन विद्वान व्हॅरो याने लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथात लिहिले आहे, की हा शब्द रोमनांनी मध्य इटलीतील सबाइन लोकांकडून घेतला आणि त्यांच्या अमिटर्नम या गावी संधिप्रकाशाच्या वेळी जन्मलेल्यांना त्यावरूनच ‘क्रेपुस्कुस’ म्हणत, जसे पहिल्या उजेडात जन्मलेल्यांना ‘लुसियस’. ही वेळ रात्रीची म्हणावी की दिवसाची, असा संशय पडतो, हे त्याने दिलेले कारण आहे. ‘कातरवेळ’ म्हणताना आपल्यालाही उजेडापेक्षा मनाची चलबिचल आधी जाणवते, त्यामुळे मराठी वाचकाला हे कारण परके वाटू नये.

म्हणूनच ‘अंधूक’ या अर्थाचा केवळ भारदस्त पर्याय म्हणून इंग्रजी गद्यात होणारा ‘क्रिपस्क्युलर’चा वापर मला पटत नाही. मंद दिव्याच्या खोलीला साधे विशेषण पुरते. पण जी आठवण प्रत्यक्ष अनुभवाची आहे की कुणाकडून ऐकलेली, हे ठरवता येत नाही, तिला ‘क्रिपस्क्युलर’ म्हणण्यात अर्थ आहे.

हवामानाच्या वर्णनात ‘क्रिपस्क्युलर किरण’ ही रूढ संज्ञा आहे. पावसाळ्यात ठाण्याहून पाहताना सूर्य येऊरच्या डोंगराकडे कलला की ढगांच्या फटींतून प्रकाशाचे झोत पंख्यासारखे पसरलेले दिसतात. वस्तुतः ते जवळजवळ समांतर असतात, आणि दूर जाणारे रेल्वेचे रूळ एकमेकांना मिळाल्यासारखे भासतात त्याच न्यायाने ते सूर्यापाशी एकवटल्यासारखे वाटतात. असे झोत सूर्य वर असतानाही दिसू शकतात, तरी त्यांचे नाव तेच राहते.