तुम्ही विचारलंत म्हणून: एशियन ले मां मालिका ऐन हिवाळ्यात का?

'नावात आशिया, मग एवढे युरोपी संघ कसे? आणि शर्यती फेब्रुवारीत का?' एशियन ले मां या मोटार शर्यतींच्या मालिकेबद्दल हा प्रश्न हमखास येतो. याचं कारण म्हणजे ग्रिड भरण्याची, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत पुरेशा गाड्या उभ्या करण्याची, धडपड. मालिकेचा सगळा इतिहास त्याच धडपडीचा आहे.

ले मांची २४ तासांची शर्यत भरवणाऱ्या एसीओ या फ्रेंच क्लबने २००९ मध्ये जपानमधल्या ओकायामाला ५०० किलोमीटरच्या दोन शर्यती घेतल्या, आणि प्रयोग तिथेच थांबला. २०१३ मध्ये मालिका पुन्हा उभी राहिली: दक्षिण कोरियातलं इन्जे, जपानमधलं फुजी, चीनमधलं झुहाई, मलेशियातलं सेपांग. ट्रॅक एकापेक्षा एक, गाड्या मात्र मोजक्या. प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्या, बाळगणारे बहुतेक संघ युरोपातले, आणि त्या महिन्यांत ते घरच्या शर्यतींत अडकलेले. आशियातल्या जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्या) संघांना त्यांच्या स्वतःच्या स्पर्धा होत्याच.

२०१५ मध्ये एसीओने आयोजन स्वतःकडे घेतलं आणि हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी असा हलवला. आमच्या मते मालिका खरी वाचली ती या निर्णयामुळे. युरोपात गाड्या गॅरेजमध्ये उभ्या असतात नेमक्या तेव्हाच इथे शर्यती. त्याच वर्षी एलएमपी३ हा प्रोटोटाइपचा स्वस्त वर्ग आला: तेव्हा सगळ्यांना निसानचं एकच पाच लिटरचं व्ही८ इंजिन, ४२० अश्वशक्ती. इंजिनावर पैसा ओतून पुढे जायची वाटच बंद. शिवाय मोठं आमिष म्हणजे विजेत्या संघांना ले मांचं थेट निमंत्रण. तिथे नुसतं प्रवेशशुल्क भरून जागा मिळत नाही, निवड समिती ठरवते. त्यामुळे या निमंत्रणाची किंमत पैशात मोजता येत नाही.

संघाच्या हिशेबात ब्राँझ श्रेणीचा, म्हणजे हौशी, ड्रायव्हर महत्त्वाचा. बऱ्याचदा खर्चाचा मोठा वाटा तोच उचलतो. त्याने गाडीत किमान ठरावीक वेळ बसायलाच हवं, नाहीतर शिक्षा. म्हणून अनेक संघ त्याची पाळी सुरुवातीलाच उरकतात. ती शेवटावर ढकलली आणि मध्येच (अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी करायला) सेफ्टी कार आली, तर मिनिटांचं गणित कोलमडतं.

कोविडमुळे २०२१ चा हंगाम दुबई आणि अबू धाबीत झाला: दोन आठवड्यांत चार तासांच्या चार शर्यती. नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव हे भारतीय त्रिकूट एलएमपी२ या एलएमपी३ च्या वरच्या प्रोटोटाइप वर्गात उतरलं ते त्याच हंगामात. एका ठिकाणी दोन शर्यती झाल्या की वाहतूक आणि कस्टम्सचा खर्च निम्म्यावर येतो. पण शनिवारी मोनोकॉकला, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याला, तडा गेला, तर रविवारही गेलाच. नाक, फ्लोअर, सस्पेन्शनचे आर्म रातोरात बदलता येतात, मोनोकॉक नाही.

कागदपत्रांचा घोळ वेगळाच. गाडी 'कार्ने' या सीमाशुल्काच्या परवान्यावर तात्पुरती आयात होते आणि त्यात सुट्या भागांचीही यादी द्यावी लागते, महागड्या भागांचे अनुक्रमांकही. जाताना गाडीत बसवलेला गिअरबॉक्स परतताना पेटीत असेल आणि क्रमांक जुळला नाही, तर कंटेनर बंदरात अडकतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मालिका सेपांगला परतली, तीही दोन शर्यतींच्या वीकएंडने. त्यानंतरची दुबईची फेरी थेट फेब्रुवारीत होती. मधल्या दोन महिन्यांत कंटेनर समुद्रमार्गे जाऊ शकतात, विमानाचा खर्च वाचतो.