हर्णे बंदरात दीड दिवस : लिलाव, भरती आणि सुवर्णदुर्ग

दापोलीहून हर्णे पंधरा-सोळा किलोमीटर. शेवटच्या उतारावर समुद्र एकदम समोर येतो, त्यात सुवर्णदुर्गाची काळी तटबंदी आणि अलीकडे नांगर टाकून डुलत असलेल्या बोटींची गर्दी. मी, बायको आणि पाचवीतली लेक पहाटे पुण्याहून निघालो होतो. ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असं करत दुपारी एकला पोचलो आणि खोलीवर सामानही न टाकता थेट बंदरावर गेलो.

वाळूवर कुणीच नव्हतं. दोन बैल सावलीला बसले होते, एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत होते. त्यांनी मान वर करून सांगितलं, "चारला या. आत्ता काय बघणार?" पहिली सूचना म्हणून हीच लिहितो. हर्णेचा मासळीचा लिलाव सकाळी लवकर आणि संध्याकाळी चारच्या पुढे भरतो. मधल्या वेळात आलात तर जेवून घ्या, झोपा काढा, किनाऱ्यावरचे फत्तेगड-कनकदुर्ग हे किल्ले बघा, पण बंदर निराश करतं अशी समजूत करून परत फिरू नका.

जाळं विणणाऱ्या आजोबांनीच आम्हाला भरतीचं गणित शिकवलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि पाणीही जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी चढतं-उतरतं, तो भांग. लेकीने लगेच वहीत पंधरा तिथींचा तक्ता केला. मिनिटामिनिटाचा हिशोब यातून मिळत नाही, पण किनाऱ्यावर दिवस आखायला पुरतो. हे गणित ठाऊक असतं तर जवळच्या कर्दे-मुरूडच्या वाळूवर गाड्या नेऊन भरतीत अडकणारे कितीतरी लोक वाचले असते. गाडी वाळूवर नेऊच नका, हे वेगळं सांगायला हवं का?

चारला परत गेलो तर ते बंदर ओळखू येईना. मोठ्या बोटी खोल पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्यावरची मासळी होडीत, होडीतून बैलगाडीत आणि बैलगाडीतून वाळूवर येत होती. छातीपर्यंत पाण्यात शिरलेले बैल आणि मागच्या गाडीत टोपल्यांवर उभा राहून कासरा धरलेला पोरगा, हे चित्र मी जन्मभर विसरणार नाही. वाळूवर टोपल्या उलट्या होत होत्या. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, म्हाकूळ, कोळंबीचे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं एक कडं.

एका कड्यात आम्ही उभे राहिलो. लिलाव करणाऱ्याने टोपलीतलं एक पापलेट उचललं, दोन्ही बाजूंनी दाखवलं आणि बोली सुरू झाली. अडीच हजारांवरून एकतीसशेपर्यंत जायला पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. बोलीचे शब्द मला निम्मेसुद्धा कळले नाहीत, कारण निम्मी बोली मानेच्या हालचालीवर चालते. टोपली तिघी बायकांनी मिळून घेतली होती. तिथेच खाली बसून त्यांनी तिचे तीन वाटे घातले. एक मोठं, एक मध्यम, एक लहान, पुन्हा एक मोठं, असं करत हात सरसर फिरत होते आणि शेवटी तिन्ही वाटे एकमेकींकडे बघून मान्य झाले. वजनकाटा कुणी काढला नाही.

तेवढ्यात मी फोटोसाठी दोन पावलं मागे सरकलो आणि बर्फाची टोपली डोक्यावर घेतलेल्या एका बाईच्या वाटेत आलो. टोपली कलंडली, बर्फ वाळूत गेला. "दादा, वाट सोडून उभे राहा, आमचा टाइम चाललाय," एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मासळी उन्हात असते, तिचा ताजेपणा उतरत असतो, आणि त्या तासा-दोन तासांत कित्येक दिवसांच्या डिझेल-बर्फाचा खर्च निघायचा असतो. म्हणून कळकळीने सांगतो, कडेला उभे राहा, टोपल्या ओलांडू नका, चेहऱ्याचा फोटो विचारून घ्या. विचारल्यावर आम्हाला कुणीही नाही म्हटलं नाही. पायात धुता येईल अशी चप्पल असू द्या.

मासळी घ्यायची असेल तर लिलावात पडू नका, ती बोली व्यापाऱ्यांची. लिलाव ओसरला की बायका वाटे लावून बसतात, तिथे घ्या. सुटे पैसे हवेत. आम्ही ज्या मावशींकडून घेतलं त्यांनी लेकीच्या हातात पापलेट देऊन कल्ल्याजवळ दाबायला लावलं. "पांढरं पाणी आलं तर ताजा, लाल आलं तर ठेव खाली." मुरूड-हर्णेतल्या घरगुती खानावळीत आपण नेलेली मासळी करून देतात, आधी फोन करून ठेवा. घरी न्यायची असेल तर थर्माकोलचा डबा सोबत आणा.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पाऊस बघायला जरूर या, लिलावाच्या आशेने नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णदुर्ग. बंदरातूनच होडी मिळते, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, त्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील तर नीट विचार करा. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघायला विसरू नका. आत टाकी आणि पडकी जोती आहेत, प्यायचं पाणी नाही, ते बरोबर घ्या. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफांनी फोडला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तटावर उभं राहून हे आठवलं की आजही पोटात कालवतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत हा आहे, म्हणून गर्दी वाढणार. होडीवाल्याशी परतीची वेळ आणि माणशी भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या.

परतताना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बोलता झाला. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री खोल पाण्यात उजेड दिसतो, असं तो म्हणाला. २०२० च्या निसर्ग वादळानंतर उभं राहायला किती दिवस लागले तेही त्याने सांगितलं. अशा गप्पा हव्या असतील तर होडीत बसा, लिलावाच्या वेळी नको.

निघण्याआधी संध्याकाळी पुन्हा कनकदुर्गाच्या पायऱ्या चढलो. दीपगृहाशेजारून अख्खं बंदर खाली दिसतं. लिलाव संपला होता. एका बोटीवर बर्फ चढत होता, दुसरीवर पाण्याची पिंपं. लेकीने वही काढून नवमीची पाऊणपट केली, पावणेसात. बरोबर तेव्हाच पाणी बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांवरून वर येत होतं.