मेंबर केलंत, पण पीव्हीआयडी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हाच प्रश्न मला इंदूरमध्ये भंवरकुआंचे क्लासवालेही विचारतात आणि रामबागेतले डॉक्टरही: “पोर्ट व्हीलॅन २०मध्ये टाकला, स्विचच्या सेटिंगच्या पानावर दिसतोय, मग कॅमेऱ्याला २०चा आयपी का मिळत नाही?”

कारण व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचच्या आत आखलेलं वेगळं नेटवर्क, बनवताना तुम्ही निम्मंच काम केलंय. सिल्व्हर मॉलमध्ये “भिया, लगाओ और चलाओ” म्हणून जे स्वस्त स्मार्ट स्विच मिळतात, त्यांच्यात दोन वेगळी कोष्टकं असतात. मेंबरशिपचं कोष्टक फ्रेम (डेटाचा तुकडा) बाहेर पडतानाचं आहे: २०ची फ्रेम कोणत्या पोर्टातून जाईल आणि टॅग (व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी) लावून की काढून. पण कॅमेरा स्वतः टॅग लावत नाही. त्याची कोरी फ्रेम आत आली की ती कोणत्या व्हीलॅनची मानायची, हे दुसऱ्या कोष्टकातला पीव्हीआयडी (पोर्ट व्हीलॅन आयडी) ठरवतो. तो कारखान्यातून १ येतो आणि तुम्ही हात लावेपर्यंत १च राहतो.

आता खरी गंमत. तो पोर्ट व्हीलॅन १मध्येही अनटॅग्ड (टॅग काढून पाठवणारा) मेंबर राहिला असेल, तर कॅमेऱ्याची डीएचसीपी मागणी (आयपी मागणारा निरोप) १मध्ये जाते, ऑफिसचा राउटर उत्तर देतो आणि कॅमेऱ्याला चक्क आयपी मिळतो! चित्र दिसतं, सगळे खूश. ज्याला वेगळं ठेवायचं होतं तो कॅमेरा बिलिंगच्या संगणकाशेजारी जाऊन बसलेला असतो. आयपी अजिबात न मिळणं परवडलं, निदान शंका तरी येते.

तेव्हा आधी पोर्ट २०मध्ये अनटॅग्ड करा, मग पीव्हीआयडी २० करा आणि शेवटी १मधून काढा. हाच क्रम ठेवा. पीव्हीआयडी १ असेपर्यंत काही स्विच १मधून काढूच देत नाहीत. राउटरकडे जाणारा पोर्ट मात्र २०मध्ये टॅग्ड हवा, आणि राउटरवरही २० बनवलेला हवा. ८०२.१क्यूचा (व्हीलॅनच्या मानकाचा) टॅग ४ बाइटचा, त्यात नंबराला १२ बिट. म्हणून १ ते ४०९४पैकी कोणताही नंबर घ्या, फक्त दोन्हीकडे तोच.

सिस्को कंपनीचे स्विच वापरणाऱ्यांना हा घोळ माहीत नसतो. तिथे ‘स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन २०’ ही एकच ओळ दोन्ही कामं करते. त्यांचा खड्डा वेगळा: ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टाच्या) ‘अलाउड व्हीलॅन’ यादीत नवा नंबर घालताना ‘अ‍ॅड’ राहिलं, की जुनी यादी पुसून तेवढा एकच नंबर उरतो. पीव्हीआयडीला वेगळ्या पानावर, वेगळ्या मेनूत ढकलणाऱ्या कंपन्यांना मात्र माझ्याकडून माफी नाही.

आणि तुमचा लॅपटॉप ज्या पोर्टात खोचलाय, त्यावर हे प्रयोग करू नका. स्विचचं स्वतःचं पान बहुधा १मध्येच असतं. तो पोर्ट २०मध्ये गेला की तुम्ही बाहेर, मग रीसेटचं भोक आणि टाचणी. सगळं चाललं की सेव्ह दाबा. बऱ्याच स्विचांवर ‘अप्लाय’ म्हणजे सेव्ह नव्हे, आणि आपल्याकडे वीज जायला वेळ लागत नाही.