तापलेल्या खोलीतलं ओव्हरक्लॉकिंग: एएम४ अपग्रेड कुठवर आलं

गेमिंगच्या पीसीसाठी नवीन प्लॅटफॉर्म घ्यायचा नाही, एएमडीच्या एएम४ सॉकेटचं आहे तेच मशीन सुधारायचं, हे एकदाचं ठरलं. त्यापुढचं सॉकेट, एएम५, म्हटलं की प्रोसेसरच्या जोडीला बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही आली, आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जसे चढलेत ते बघता तीस हजारांचं बजेट तिथेच आटोपलं असतं. हाताशी बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे, ३२०० स्पीडची ८-८ जीबीची डीडीआर४ जोडी आहे, ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आहे. हे सगळं ठेवायचं, रायझन ५ २६०० काढून त्याजागी ५६०० लावायचा, वर एक टॉवर कूलर, आणि राहिलेल्या पैशांत आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, असा बेत. प्रोसेसर बसला, ट्यूनिंग झालं. कार्ड अजून यायचंय.

५६०० च का, असं विचाराल तर उत्तर कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले, आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला ८ एमबी एल३ कॅश. एका गटाला दुसऱ्याकडचा डेटा हवा असला की लांबचा फेरा. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर बसतात. सरासरी एफपीएस वाढतोच, पण खरा फरक १ टक्का लोमध्ये, म्हणजे सर्वात मंद एक टक्का फ्रेम्सच्या आकड्यात पडतो. गेममध्ये गर्दीच्या भागात गाडी वळवली की जो झटका बसायचा, तो गेला. जास्त कॅशच्या एक्स३डी चिपचा मोह झाला होता, पण तिचा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा आकडा) लॉक असतो आणि कार्डाचे पैसे तिच्यातच संपले असते.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच मिनिटं. आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा, दुकानदार निवांत बोलतात. दोन-तीन काउंटरवर भाव काढा, पण पक्कं बिल सोडू नका. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या पावतीवर माल घेतला, तर वॉरंटीच्या वेळी आपली बाजू लंगडी पडते.

जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश, म्हणजे अपडेट, करून घ्या, कारण जुन्या बायॉसवर बी४५० बोर्ड ५६०० ला ओळखतच नाही. फ्लॅश करताना यूपीएस लावा. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरं, पण नेमकी त्या दोन मिनिटांत गेली तर बोर्ड हातचा जाईल.

कूलर काढणं हा यातला सर्वात नाजूक भाग. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. जुनी पेस्ट घट्ट झालेली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात, तर लॉक असलेल्या सॉकेटमधूनही चिप उपटून येते आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट कोमट केली, मशीन बंद करून प्लग काढला, क्लिप सोडवल्या आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळला. पेस्ट सुटली की हाताला एकदम मोकळेपणा जाणवतो. मगच उचलायचा.

आता मुख्य गोष्ट. आपण बघतो ते परदेशी रिव्ह्यू २१ ते २५ अंशांच्या खोलीत झालेले असतात. माझी खोली पश्चिमेच्या भिंतीची, मे महिन्यात दुपारी ३३. रिव्ह्यूत सिनेबेंचला (सगळ्या कोअरवर लोड टाकणारी चाचणी) ७२ अंश दिसतात, म्हणजे माझ्याकडे ८० च्या पुढे धरायचे, आणि ५६०० ची मर्यादा ९०. सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर बांधून व्होल्टेज चढवायचं, ही पद्धत आपल्या हवेत आणि हीटसिंक नसलेल्या व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) स्वस्त बोर्डावर मला पटत नाही. मुंबईत, कमी बजेटमध्ये, ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याची, सुरुवात व्होल्टेज उतरवण्यापासून करावी, हे माझं ठाम मत झालंय.

त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर, बायॉसमधली प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय. ऋण दिशेची प्रत्येक पायरी साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट कमी करते. ६५ वॅट टीडीपीच्या या चिपची पॉवर लिमिट ७६ वॅट असते, ती मी हलवली नाही. तेवढ्याच वॅटमध्ये कमी व्होल्टेज लागलं की चिप आपोआप वरच्या क्लॉकवर जाते, आणि वर पीबीओमधून (एएमडीची बूस्ट वाढवायची सेटिंग) कमाल बूस्टला २०० मेगाहर्ट्झची सूट दिली की ४.६ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे दिसू लागतात.

सगळ्या कोअरना एकच आकडा देऊ नका. एएमडीचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर जे कोअर उत्तम म्हणून दाखवतं, ते आधीच कमी व्होल्टेजवर चालतात, त्यांना उतरवायला जागा थोडी असते. माझ्याकडे ते दोन कोअर उणे १२ वर आहेत आणि बाकीचे चार उणे २५ वर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: सिनेबेंच पास झालं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. कर्व्ह फसतो तो हलक्या कामात, एकच कोअर सर्वात वरच्या बूस्टवर असताना. मशीन नुसतं पडून असतं आणि अचानक रीस्टार्ट होतं. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, डब्ल्यूएचईए लॉगरचा (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) इव्हेंट १८ शोधा, त्यातल्या एपीआयसी आयडीवरून (कोअरचा क्रमांक) कोणता कोअर हरला ते कळतं. त्याला दोन-तीन पायऱ्या परत द्या. कोअरसायक्लर नावाचा प्रोग्राम एकेक कोअर तपासतो, तो रात्रभर लावून ठेवा.

रॅम ३२०० सीएल१६ वरून ३६०० सीएल१८ वर नेली (सीएल म्हणजे डेटा द्यायला रॅम किती क्लॉक थांबते तो आकडा). हिशेब केलात तर दोन्हींची पहिली लेटन्सी १० नॅनोसेकंदच भरते, मग फायदा काय? फायदा इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचा. तो मेमरीशी एकास एक चालतो, त्यामुळे १६०० वरून १८०० मेगाहर्ट्झवर गेला. व्होल्टेज १.३८. टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी मात्र भर दुपारी, पंखा बंद ठेवून आणि सध्याच्या ग्राफिक्स कार्डावर लोड टाकून चालवा. रॅमच्या चुका तापमानाबरोबर वाढतात. सकाळी स्वच्छ सुटलेली सेटिंग दुपारी तीनला चुका दाखवते, आणि गेम खेळताना केसच्या आत दुपारचीच हवा असते.

राहिलं नवं कार्ड. आरएक्स ६६०० ची बस आठच लेनची (लेन म्हणजे बोर्डाशी डेटा नेणाऱ्या वाटा), आणि माझा बोर्ड जुन्या पिढीच्या, पीसीआयई ३.० स्लॉटचा. तरी ८ जीबी मेमरी भरत नाही तोवर फारसं नुकसान नाही. चार लेन आणि ४ जीबीच्या ६५०० एक्सटीला मात्र अशा बोर्डावर दम लागतो, ते कार्ड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. १३२ वॅटचं ६६०० माझ्या पॉवर सप्लायला सहज झेपेल. वापरलेलं घेणार आहे, वॉरंटी सिरियल नंबरवर चालते अशाच ब्रँडचं. दुकानात अर्धा तास लोडवर चालवून एज (चिपच्या कडेचं तापमान) आणि हॉटस्पॉट (सर्वात तापलेल्या जागेचं) यांमधलं अंतर बघणार. वीस अंशांच्या आत असेल तर पैसे काढायचे, तिसाच्या पुढे गेलं तर पेस्ट बदलायचा खर्च भावातून कापून मागायचा. समुद्राजवळच्या घरातलं कार्ड असेल तर मागच्या ब्रॅकेटवर आणि एचडीएमआय पोर्टवर गंज आहे का, तेही टॉर्च मारून बघेन. कार्ड लागलं की आधी त्याचंही व्होल्टेज उतरवायचं, क्लॉकला हात नंतर. आकडे पुढच्या नोंदीत, खोलीच्या तापमानासकट.