मराठवाड्यात उडणाऱ्या पायलटांसाठी ब्रीफिंग पत्रक: काम कुठवर आलं

व्हॅटसिमवर, म्हणजे सिम्युलेटरवरचे पायलट आणि कंट्रोलर जिथे ऑनलाइन भेटतात त्या जाळ्यावर, मराठवाड्याला स्वतंत्र आकाश नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर हे तिन्ही विमानतळ मुंबई एफआयआरमध्ये (एका नियंत्रण केंद्राच्या हाताखालचं हवाई क्षेत्र), म्हणजे व्हीएबीएफमध्ये मोडतात. नागपूरही त्यातच. हैदराबाद मात्र चेन्नई एफआयआरचं. त्यामुळे नागपूरहून संभाजीनगरला येणारा पायलट एकाच सेंटरच्या, म्हणजे त्या अख्ख्या क्षेत्राच्या कंट्रोलरच्या, हाताखाली राहतो, तर हैदराबादहून येणाऱ्याला वाटेत सेंटर बदलावं लागतं. हे एवढं सांगायला नकाशा पुरतो. पण नुसता नकाशा पाहून उडालेला पायलट नांदेडच्या ॲप्रनवर (विमानं उभी राहतात ती जागा) अडकतो, कारण त्याला सीमा माहीत असते, पण पहिला कॉल कुणाला, कसा आणि कितपत ऐकू जाईल, हे माहीत नसतं. म्हणून पत्रकाची मांडणी आता बदलली आहे. आधी विमानतळांचे तक्ते आणि मग हवाई क्षेत्र असा क्रम होता. आता जोडणीपासून पार्किंगपर्यंत, ज्या क्रमाने पायलटला प्रश्न पडतात त्याच क्रमाने माहिती येते.

पुढे त्यातले तयार झालेले भाग आणि अजून अडलेले भाग आहेत. चुका दिसल्या तर बिनधास्त सांगा.

जोडणी आणि पहिला कॉल

ॲप्रनवर असतानाच व्हॅटसिमला जोडा. धावपट्टीवर किंवा टॅक्सीवेवर प्रकट होणं नियमात बसत नाही आणि इथे ते जास्त महागात पडतं, कारण या विमानतळांवर धावपट्टीला पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीवे नाही. उतरलेलं विमान धावपट्टीवरच वळून ॲप्रनकडे परत येतं. अशा वेळी दुसरा कुणी टोकाला उगवला तर दोघेही समोरासमोर अडकतात आणि फायनलवरच्या, म्हणजे उतरायला समोर आलेल्या, तिसऱ्याला न उतरता पुन्हा वर जावं (गो-अराउंड) लागतं. याच कारणाने टॉवर टेक-ऑफसाठी येणाऱ्याला बराच वेळ ॲप्रनवर थांबवतो. विसरला म्हणून नव्हे. धावपट्टीवरून असं उलट येण्याला, म्हणजे बॅकट्रॅकला, दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात फायनलवरचा जेट पाच-सात मैल सरकतो.

स्टँडचे नंबर आम्ही पत्रकातून काढून टाकले. सिम्युलेटरच्या मूळ सीनरीत छोट्या विमानतळांचा ॲप्रन खऱ्यासारखा असेलच असं नाही, आणि प्रत्येकाचं ॲड-ऑन वेगळं. ‘नांदेड ॲप्रन’ एवढं म्हटलं तरी कंट्रोलरला पुरतं.

कोण ऑनलाइन आहे ते आधी बघा. व्हीएएयू टॉवर असेल तर तो फक्त संभाजीनगर सांभाळतो. टॉवर नसेल आणि मुंबई सेंटर असेल, तर खालची सगळी कामं, म्हणजे क्लिअरन्स, टॅक्सी, टेक-ऑफ, सेंटरच करतं, अगदी लातूरच्या ॲप्रनपासून. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. टॉवर दिसत नाही म्हणून ते १२२.८०० या सामाईक फ्रिक्वेन्सीवर जाऊन स्वतःच उडतात, आणि सेंटरला स्क्रीनवर एक बिनक्लिअरन्सचं विमान वर येताना दिसतं. सेंटरही नसेल तरच १२२.८०० युनिकॉम, आणि तिथे आपला इरादा मजकुरात लिहायचा.

पहिल्या कॉलमध्ये चार गोष्टी: कुणाला बोलावताय, तुमचं कॉलसाइन, कुठे उभे आहात, काय हवंय. ‘मुंबई कंट्रोल, आयफ्लाय अमुक, नांदेड ॲप्रन, रिक्वेस्ट आयएफआर क्लिअरन्स टू मुंबई.’ (आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आधारे केलेलं उड्डाण.) ठिकाण सांगणं इथे फार महत्त्वाचं. सेंटर एकाच फ्रिक्वेन्सीवर मुंबईच्या रांगा लावत असतं. ‘रेडी फॉर पुशबॅक’ एवढंच ऐकलं तर ते तुम्हाला मुंबईच्या ॲप्रनवर शोधत बसतं. शिवाय नांदेड आणि लातूरला टर्मिनलसमोर विमान बहुतेक वेळा स्वतःच वळून निघतं, पुशबॅक मागायची गरजच पडत नाही.

आवाज कुठे पोचतो, कुठे नाही

पत्रकातला सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला भाग हाच.

२०१९ पासून व्हॅटसिमचा आवाज ‘ऑडिओ फॉर व्हॅटसिम’वर चालतो. त्यात खऱ्या व्हीएचएफसारखं अंतर आणि उंची मोजली जाते. कंट्रोलरच्या पोझिशनला नकाशावर ठरावीक ठिकाणी ट्रान्सीव्हर (आवाज घेणारी-पाठवणारी केंद्रं) जोडलेले असतात, आणि तुमचं विमान त्यातल्या एखाद्याच्या टप्प्यात आलं तरच आवाज जातो. टप्प्याचा ढोबळ हिशोब: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३ म्हणजे क्षितिज, नॉटिकल मैलांत. दोन्ही टोकांचं काढून बेरीज करायची.

मुंबई ते नांदेड अंतर साधारण २५३ मैल. नांदेडच्या ॲप्रनवरचं विमान मुंबईच्या ट्रान्सीव्हरला ऐकू जाणं शक्यच नाही. १९,००० फुटांवरही क्षितिज १७० मैलांच्या आसपास राहतं. समजा जवळचा ट्रान्सीव्हर संभाजीनगरला आहे आणि त्याची उंची जमिनीपासून १०० फूट धरली. त्याचं क्षितिज १२ मैल. संभाजीनगर ते नांदेड ११६ मैल, म्हणजे उरलेले १०४ मैल विमानाच्या उंचीने भरून काढायला हवेत. त्यासाठी सुमारे ७,००० फूट लागतात. म्हणजे नांदेडहून उडाल्यावर बराच चढाव होईपर्यंत तुम्ही सेंटरला ऐकू जाणार नाही, आणि तेही तुम्हाला नाही.

यातून पायलटसाठी निघणारा नियम सोपा आहे. जमिनीवरून दोनदा बोलावून उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा ओरडू नका. त्याच फ्रिक्वेन्सीवर मजकूर लिहा. तोही पोचत नसेल तर कंट्रोलरला खासगी संदेश. तुमचा आवाज येत नाही म्हणजे तुमचा माइक बिघडला असंही समजू नका. कित्येक जण इथे सेटिंग उचकटून बसतात. आधी संभाजीनगरच्या ॲप्रनवर उभं राहून आवाज तपासा. तिथे चालतो आणि नांदेडला चालत नाही, तर दोष अंतराचा.

नांदेड आणि लातूरजवळ ट्रान्सीव्हर हवा, अशी सूचना आम्ही वरच्या हिशोबासकट मांडली आहे. ती मान्य होऊन डेटा बदलला की पत्रकातला हा अख्खा परिच्छेद दोन ओळींवर येईल.

पातळ्या, अल्टीमीटर आणि अमेरिकी सवय

मुंबई–संभाजीनगर १५० मैल, दिशा साधारण ०७२. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम पातळी: एटीआर (पंख्याचं प्रवासी विमान) असेल तर एफएल १७० (म्हणजे १७,००० फूट) किंवा १९०, जेट असेल तर २१० किंवा २३०. परतीला सम: १८०, २००, २२०. एफएल ३५० मागणारे येतात आणि चढण संपायच्या आत उतरण सुरू करावी लागते. हिशोब करून पाहा: एफएल २३० वरून ४,००० फुटांवर यायचं म्हणजे १९ हजार फूट, हजारी तीन मैल धरले तर ५७, वर वेग कमी करायला दहा. पासष्ट-सत्तर मैल आधी उतरण. चढणीचे मैल वजा केले की सरळ उडायला फारसं काही उरतच नाही.

ट्रान्झिशन अल्टिट्यूड, म्हणजे अल्टीमीटर स्थानिक दाबावरून १०१३ वर बदलायची उंची, प्रत्येक विमानतळाच्या चार्टवर दिलेली असते, तीच वापरा. सिम्युलेटरच्या स्वतःच्या एटीसीवर शिकलेले पायलट १८,००० फुटांपर्यंत क्यूएनएच (स्थानिक दाब) तसाच ठेवतात, कारण अमेरिकेत ते बरोबर आहे. भारतात ही उंची त्याच्या कितीतरी खाली. उन्हाळ्यात इथे क्यूएनएच १००४ च्या आसपास येतो. तो तसाच ठेवून तुम्ही १७,००० फूट राखलेत, तर १०१३ वर मोजणाऱ्या बाकीच्यांच्या हिशोबाने तुम्ही १७,२५० वर असता. कंट्रोलरला स्क्रीनवर ते लगेच दिसतं आणि ‘चेक अल्टीमीटर’ ऐकू येतं. उलट बाजूची चूक जास्त वाईट: उतरताना १०१३ तसंच राहिलं, तर काटा दाखवतो त्यापेक्षा तुम्ही २५० फूट खाली असता. संभाजीनगरच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगा आणि वायव्येला दौलताबाद-वेरूळचे डोंगर आहेत, म्हणून ही चूक पत्रकात ठळक चौकटीत टाकली आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधली ‘बी’ कळ दाबून मोकळं होऊ नका. ती सिम्युलेटरच्या हवामानातला दाब लावते, कंट्रोलरने सांगितलेला नव्हे. आकडा हाताने लावा आणि रीडबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोलरला परत सांगताना, म्हणा.

उन्हाळा

संभाजीनगरची धावपट्टी ०९/२७, लांबी ९,३०० फूट, उंची १,९११ फूट. आकडे पाहून कुणी घाबरत नाही, आणि जेटने घाबरायचं कारणही नाही. पण मे महिन्यात ४२ अंश आणि क्यूएनएच १००४ असताना डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ, त्या हिशोबाची उंची) ५,९०० फुटांच्या घरात जाते. समुद्रसपाटीवर मिनिटाला ७०० फुटांहून जास्त चढणारं पूर्ण भरलेलं सेस्ना १७२ इथे ५०० च्या आसपास रेंगाळतं. रन-अपच्या वेळी मिक्श्चर लीन करा, म्हणजे इंधन कमी करा. पूर्ण रिच ठेवून दौड सुरू केली की इंजिन आरपीएम देत नाही आणि मग दोष सिम्युलेटरला दिला जातो. फायनलवर काट्यावरचा वेग नेहमीचाच ठेवा. जमिनीवरचा खरा वेग मात्र नऊ-दहा टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) लांबते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून २७ ची (पश्चिमेकडे तोंड करून उतरायची) तयारी ठेवूनच या. नांदेडला १०/२८, धावपट्टी २,३०० मीटर. वाऱ्याचं गणित तेच.

गोदावरीवरून व्हीएफआर

नव्या पायलटला हवाई क्षेत्र व्हीएफआरने, म्हणजे बाहेर पाहून उडत, ओळखीचं करून द्यायला आम्ही एक मार्ग ठरवला आहे: संभाजीनगर, पैठण, मग गोदावरीच्या प्रवाहाबरोबर शहागड, गंगाखेड, आणि नांदेड. पैठण २३ मैल दक्षिणेला, आणि जायकवाडीची जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत चुकणं अवघड. पुढे नदी धरून गंगाखेड, तिथून नांदेड ३५ मैल. नदीची वळणं न धरता एकूण सुमारे १४० मैल, ११० नॉटच्या विमानाला सव्वा तास. नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीचं धरण दिसलं की तो तुमचा शेवटचा पोझिशन रिपोर्ट.

पैठणनंतर दिशा पूर्वेकडची, म्हणून ३,५०० किंवा ५,५०० फूट. आम्ही ५,५०० सुचवतो, आणि कारण पुन्हा आवाजाचंच. ३,५०० वर संभाजीनगरचा ट्रान्सीव्हर साठेक मैलांवर सुटतो. ५,५०० वर तो ८५ मैलांपर्यंत टिकतो, म्हणजे गंगाखेडच्या थोडं अलीकडे. सेंटरला ‘गंगाखेडला एस्टिमेट अमुक, नांदेडला तमुक’ हे आवाज असतानाच सांगून ठेवायचं आणि पुढे मजकुरावर यायचं. वेळा यूटीसीमध्ये: घड्याळातून साडेपाच तास वजा.

एक अडचण आहे. उन्हाळ्याच्या उपग्रह चित्रांवर बनलेल्या सीनरीत गोदावरी कोरडी, मातकट दिसते आणि आजूबाजूच्या काळ्या रानात हरवते. अशा वेळी नदी शोधू नका. पूल आणि बंधारे शोधा.

खऱ्या आयुष्यात अशा उड्डाणाला एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाणाच्या परवानगीचे क्रमांक) लागले असते. व्हॅटसिमवर फ्लाइट प्लॅन भरला की पुरतं, आणि ज्यांना सरावासाठी सगळं खरंच करायचंय त्यांनी निदान प्लॅनमधली वेळ पाळावी. व्हीएफआर एफएल १५० च्या वर जात नाही, हे मात्र इथेही लक्षात ठेवा. सेस्नाला त्याने काही फरक पडत नाही. टर्बोप्रॉप घेऊन येणाऱ्यांना पडतो.

अडलेलं काम

लातूर–हैदराबाद हा टप्पा अजून लिहून झालेला नाही. अंतर कमी, सीमा मधेच, आणि दोन सेंटरांपैकी एकच ऑनलाइन असण्याची शक्यता जास्त. पायलटला मुंबई सेंटर ‘रडार सर्व्हिस टर्मिनेटेड’ म्हणून सोडतं, पुढे चेन्नईचं कुणी नसतं, आणि तो युनिकॉमवर जायचं विसरून जुन्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत राहतो. उलट दिशेने येणारा तर सीमा ओलांडून बराच आत आला तरी बोलावत नाही, कारण त्याला कुणी पाठवलेलंच नसतं. तूर्त मजकूर असा: सेंटर दिसत असेल तर सीमेच्या दहा मैल अलीकडे स्वतःहून बोलवा; ट्रान्सपाँडरचा कोड दिलेला नसेल तर आयएफआरला २०००; आणि ‘काँटॅक्ट मी’ चा संदेश आला तर हातातलं काम टाकून आधी फ्रिक्वेन्सी बदला. जेवायला उठताना सांगून उठा. अर्ध्या तासाच्या वर विमान बेवारस सोडता येत नाही, आणि एवढ्या छोट्या टप्प्यात तर दहा मिनिटांतच सीमा येते.

चार्टवरचे सगळे आकडे पत्रकात न छापता भारताच्या एआयपीकडे (अधिकृत हवाई माहितीचं पुस्तक) बोट दाखवायचं ठरलं आहे, कारण ती दर २८ दिवसांच्या एआयआरएसी चक्राने बदलते आणि आमचं पत्रक तेवढ्या वेगाने बदलणार नाही. धावपट्टी, उंची आणि आवाजाचा तक्ता एवढंच राहील. लातूरचा आवाजाचा तक्ता बनवताना उंची २,००० फुटांच्या वरची धरायची, नांदेडची १,२५० नव्हे. सध्याच्या मसुद्यात दोन्हीला एकच आकडा पडला आहे, तो पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल.