धरणं आणि ताणणं

गृहकर्जाच्या अर्जात ‘टेन्युअर’ असा एक रकाना असतो आणि आपण तिथे मुकाट 240 महिने लिहितो. मुदत ठेवीचा टेन्युअर, मंत्र्याचा टेन्युअर, सगळीकडे अर्थ काळाचाच. मूळ शब्दात मात्र काळ नाही. लॅटिनमध्ये ‘तेनेरे’ म्हणजे धरणं. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि टेन्युअर झालं. टेनंट म्हणजे धरणारा, तर दुसऱ्याच्या वतीने जागा धरून असतो तो लेफ्टनंट. मेंटेनन्समध्येही ‘हाताने धरणं’ आहे; सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रकरण गळा धरण्यापर्यंत जातं, ते सोडा.

1066 च्या नॉर्मन विजयानंतरच्या इंग्लंडात जमीन राजाची आणि बाकीचे ती नुसते धरून असणारे. कशाच्या बदल्यात धरली, यावर टेन्युअरचा प्रकार ठरे. कुणी लढाईला घोडेस्वार द्यायचा, रूढ हिशेब वर्षाला 40 दिवसांचा. मठाने काय द्यायचं? प्रार्थना. लष्करी चाकरीचे टेन्युअर 1660 च्या कायद्याने गेले. आपल्याकडचं वतन याच्याच जवळचं : गावकीचं काम करा, जमीन खा. आणि मिरासदार व उपरी यांतला फरक तर सरळ धरण्याचाच. मिरास म्हणजे अरबीत वारसा, म्हणून मिरासदाराची पकड पिढीजात. उपरी कसणारा, पण त्याला उठवता येई.

ही सगळी भानगड आजही सातबाऱ्यावर एका ओळीत बसलेली आहे : ‘भू-धारणा पद्धती’. टेन्युअरला याहून नेमका मराठी शब्द नाही. गंमत म्हणजे महसुली बोलीत त्याचंच ‘शर्त’ झालं. इंग्रजी कागदावरचं ‘न्यू टेन्युअर’ तलाठ्याच्या तोंडी नवीन शर्त होतं. भोगवटादार, म्हणजे जमीन धरणारा, त्याचा वर्ग 1 म्हणजे कायमची धारणा आणि विकायला मोकळीक. वर्ग 2 मध्येही धारणा कायमचीच, फक्त हस्तांतरावर बंधन.

घेणारे लोक विकणाऱ्याचं नाव आणि क्षेत्र पाहतात, ही ओळ वाचत नाहीत. मग इसार दिलेला असतो, आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, अडतो किंवा शर्तभंगाचं प्रकरण उभं राहतं. वर्ग 2 दिसला की सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचावा आणि तिथले जुने फेरफार काढून जमीन वर्ग 2 कशामुळे झाली ते शोधावं : कुळकायदा, वतन, सिलिंग (कमाल जमीनधारणेचा कायदा) की पुनर्वसन. प्रत्येकाची वाट वेगळी. कुळकायद्याच्या कलम 32 ग खाली कुळाने घेतलेली शेतजमीन असेल, तर 2014 च्या दुरुस्तीनंतर काम सोपं आहे. खरेदीला 10 वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरायचा. सातबाऱ्यावर आकार 5 रुपये असेल तर 200 रुपये. एवढ्यासाठी व्यवहार मोडलेला पाहिला की हळहळ वाटते. वतनाच्या जमिनीला हा हिशेब लावायला जाऊ नये, तिथे नजराणा बाजारमूल्यावर जातो.

अमेरिकी विद्यापीठांत तर टेन्युअर म्हणजे मुदतच नसणं. तिथल्या प्राध्यापकांच्या आणि महाविद्यालयांच्या संघटनांच्या 1940 च्या संयुक्त निवेदनानुसार परिविक्षा, म्हणजे उमेदवारीचा काळ, जास्तीत जास्त 7 वर्षं. पुढे सबळ कारणाशिवाय प्राध्यापकाला काढता येत नाही.

‘तेनेरे’च्याही मागे जो धातू आहे त्याचा अर्थ ताणणं. संस्कृतातला ‘तन्’ त्याचा सख्खा भाऊ. तंतू आणि गवयाची तान त्याच घरातली. बँकेला हे व्युत्पत्तिशास्त्र कुणी शिकवलं कोण जाणे. 10 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 240 महिने : हप्ता साधारण 8,997 रुपये. सुरुवातीलाच दर 10 टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर टेन्युअर जवळजवळ 314 महिन्यांवर जातो. खिशाला काही जाणवत नाही, म्हणून कुणी चौकशीही करत नाही. 240 महिने कायम ठेवून हप्ता 9,650 केला, तर एकूण भरणा सुमारे 5 लाखांनी कमी होतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. अर्ज लेखी द्यावा आणि सुधारित परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा.