पुण्णिकेने ते वस्त्र घेतलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. ऑफिसात डबा खाताना, लग्नात, एकदा तर लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलेलं, बुद्ध बायकोला आणि तान्ह्या पोराला झोपेत टाकून गेला ना गं, मग तू बाई असून त्याला कशी मानतेस?

ती गोष्ट मीही ऐकलीय, मध्यरात्र, यशोधरेच्या कुशीत राहुल, बाहेर छन्न घोडा घेऊन उभा. पण पालीतल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत होते, त्यांची इच्छा नव्हती, तरी मी केस-दाढी काढून घर सोडलं. यात लपूनछपून काहीच नाही. आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये तर शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, सिद्धार्थ युद्धाला नकार देतो म्हणून त्याला जावं लागतं, आणि तो यशोधरेशी बोलून निघतो, ती म्हणते तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, ग्रंथवाचन चालतं तेव्हा हा भाग आला की माझ्या आईच्या वयाच्या सगळ्या बायका पदराने डोळे पुसतात.

पण खरं सांगू, एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही, कारण त्यातही बोलणं बुद्धांबद्दलच राहतं, बायका कडेला. शिवाय मला टोचणारी एक गोष्ट आहेच. महापजापती गोतमी, ज्या मावशीने त्यांना वाढवलं ती, केस कापून, काषाय वस्त्रं घालून कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत चालत आली, पाय सुजलेले, अंगावर धूळ, दाराशी रडत उभी. बुद्धांचा शिष्य आनंद याने मध्ये पडून विचारलं, बाईला अर्हतपद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकते का, उत्तर आलं की मिळू शकते, आणि मग संघात प्रवेश दिला पण आठ अटी घालून, त्यातली पहिलीच अशी की भिक्खुणी शंभर वर्षांची दीक्षित असली तरी आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला तिने वंदन करायचं. विनयात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथातच, आहे की नंतर गोतमीने वंदन तरी ज्येष्ठतेप्रमाणे असू द्या अशी मागणी केली आणि ती नाकारली गेली. बरेच अभ्यासक या अटी मागाहून घातलेल्या मानतात. तरी मला टोचतं, आणि मी ते कुणापासून लपवत नाही.

मग मी मानते ती कुणामुळे, तर पुण्णिकेमुळे. थेरीगाथा म्हणजे भिक्खुणींच्या स्वतःच्या तोंडच्या कविता, एकूण ७३, त्यात ती आहे. श्रावस्तीत अनाथपिंडिक या बुद्धांच्या श्रीमंत उपासकाच्या घरची दासी, काम पाणी भरायचं. नदीत स्नानाला उतरलेल्या एका ब्राह्मणाला ती म्हणते, थंडीतसुद्धा मी रोज पाण्यात उतरायचे, मालकिणींच्या माराच्या भीतीने, त्यांच्या बोलण्याच्या भीतीने, पण ब्राह्मणा, तू कुणाला भिऊन उतरतोस, इतका काकडतोयस की! तो म्हणतो, स्नानाने पाप धुऊन जातं. त्यावर ती म्हणते, असं तुला सांगितलं कुणी, मग बेडूक, कासवं, साप, मगरी सगळेच स्वर्गात जातील की, खाटीक, कोळी, चोर सगळे सुटतील, आणि या नद्या पाप वाहून नेत असतील तर तुझं पुण्यही वाहून नेतील, मग तुझ्याकडे राहिलं काय? दासी आहे हो ती, नदीकाठी उभी आहे, समोर ब्राह्मण. त्याला पटतं, तो अंगावरचं स्नानाचं वस्त्र तिला देऊ करतो. ती म्हणते, तुझं वस्त्र तुझ्याकडेच राहू दे, मला नको, तुला दुःखाची भीती वाटत असेल तर उघड असो की गुपचूप, वाईट काम करू नकोस.

मी हे पहिल्यांदा आजीला वाचून दाखवलं होतं. आजी तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीपाशी हंडा खाली ठेवून बसायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून, कधी तासभर, कधी दुपार टळायची, स्वतः विहिरीला हात लावायचा नाही. मला वाटलं बेडकांचं ऐकून ती हसेल. ती हसली नाही. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "एवढा वेळ बोलत बसली, मग उशीर झाला असंल तिला. घरी मारलं का गं?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. गाथेत घरी काय झालं ते नाहीच, मी नंतर अट्ठकथेत, म्हणजे या गाथांवरच्या जुन्या टीकेत, बघितलं, तिथे आहे की अनाथपिंडिकाने हे कळल्यावर तिला दास्यातून मोकळं केलं आणि मग ती भिक्खुणी झाली. दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं. "मग बरं झालं," म्हणाली, आणि बेडकांचं परत वाच म्हणाली.